आरसा आणि दव : प्रस्तावना

आजीच्या गळ्यात सात रुपयांची माळ होती. सगळे राणी छाप. मधल्या रुपयावरचं १९०० हे साल स्पष्ट वाचता यायचं. बाजूच्या सहांवरची सालं घासून गुळगुळीत झालेली. प्रत्येक रुपयाच्या वरच्या कडेला डाख देऊन चांदीचं कडं बसवलेलं आणि त्यातून लाल गोफ ओवलेला. आजी गेल्यावर वडिलांनी ती माळ सराफ बाजारात नेली. मी तेव्हा नववीत होतो, सोबत गेलो. पेढीवरच्या माणसाने गोफ काढला, सातही रुपये तराजूत टाकले, डाखाची घट किती धरायची ते सांगितलं आणि भाव केला. राणीच्या चेहऱ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. वडिलांनी सहा रुपये मोडले आणि १९०० सालचा तेवढा परत घेतला. तो आज माझ्याकडे आहे, कड्यासकट.

नाण्यांच्या संचांवरच्या पुस्तकाची सुरुवात या माळेपासून करतो, कारण आमच्या जळगावात नाण्याकडे बघायची पहिली नजर धातूची. गावच सोन्याचांदीचं. इथल्या जुन्या माणसांना रुपयाचा हिशेब तोंडपाठ असायचा : राणीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. १९४७ चा रुपया तर निकेलचा, त्यात चांदी नाहीच. ही नजर खोटी नाही. शेकडो वर्षं तिने शेतकऱ्याला दुष्काळात तारलं आहे, लेकीबाळींची लग्नं लावली आहेत. पण हीच नजर घेऊन माणूस टाकसाळीच्या निळ्या डबीतला संच विकत घ्यायला जातो, तेव्हा तो हमखास चुकतो. ‘यात चांदी किती?’ हा त्याचा पहिला प्रश्न. संचाचं मोल मात्र बहुतेक वेळा धातूत नसतं. नाण्याच्या वरच्या थरात, केसाइतक्याही जाड नसलेल्या पृष्ठभागात ते असतं. तो पृष्ठभाग कसा घडला आणि घडल्यावर त्याला कोणी हात लावला की नाही, यावर संचाचा प्रकार ठरतो. पुढच्या सगळ्या प्रकरणांत मी हीच एक गोष्ट वेगवेगळ्या नाण्यांवर दाखवत गेलो आहे.

मला ती कळायला बरीच वर्षं लागली, आणि कळली ती नोकरीत. मी तीस वर्षं बँकेत कॅशवर होतो. नव्या नाण्यांच्या पिशव्या यायच्या. पिशवीचं शिवलेलं तोंड कापलं, की दोन रुपयांची नाणी काउंटरवर खळखळून पडायची. नवीकोरी, कोणाच्याही हाताला न लागलेली. त्यातली दहा-वीस मी पदरचे पैसे भरून बाजूला काढायचो आणि मनात म्हणायचो, हा आपला न वापरलेल्या नाण्यांचा संच. पुढे भिंगाखाली ती नाणी धरली तेव्हा प्रत्येकावर बारीक बारीक टोचे दिसले. कुठे अशोकस्तंभाच्या सिंहाच्या गालावर, कुठे आकड्याच्या पोटात. चलनात न येताच ही नाणी जखमी झाली होती. यंत्रातून एकमेकांवर पडताना, पोत्यात भरताना, ट्रकमध्ये हादरे खाताना नाण्याची कड नाण्यावर आपटते. संग्राहक याला ‘बॅग मार्क’ म्हणतात. तेव्हा ‘न वापरलेलं’ म्हणजे ‘न दुखावलेलं’ नव्हे, हा पहिला धडा मला त्या भिंगाने दिला.

टाकसाळ ज्याला ‘यूएनसी संच’ म्हणून विकते, त्याचा अर्थ इथे उलगडतो. यूएनसी म्हणजे अनसर्क्युलेटेड, चलनात न गेलेलं. या संचातलं नाणं बहुधा चलनी नाण्यासारखंच एका दाबात पाडलेलं असतं. ठसा मात्र चांगल्या अवस्थेतला, आणि पाडल्यावर निवड करून ते कार्डात किंवा पाकिटात बसवलेलं. ते पोत्यात पडत नाही. त्याला धातूचं मूळचं तेज असतं. नाणं बोटांत धरून हळूहळू फिरवलं, की उजेडाचे आरे बैलगाडीच्या चाकासारखे त्यावर फिरतात. हे फिरणारं तेज म्हणजे यूएनसीची खूण. दाबाखाली धातू मधून कडेकडे सरकतो, तेव्हा ठशात त्याच्या सूक्ष्म रेषा उमटतात, आणि त्या रेषांवरून उजेड घरंगळतो. नाणं एकदा कापडाने घासलं की त्या रेषा जातात आणि चाक थांबतं. ते पुन्हा फिरवायचा उपाय कोणाकडेच नाही.

प्रूफ नाण्याची घडणच वेगळी. इथे कोरी चकती आधी घासून चकचकीत करतात. ठसाही चकचकीत करतात, फक्त चित्राचा भाग मुद्दाम खरबरीत ठेवतात. मग सावकाश आणि जास्त दाबाने निदान दोन वेळा छाप मारतात, म्हणजे ठशातल्या बारकातल्या बारीक कोपऱ्यात धातू शिरतो. नाणं निघतं ते हातमोजे घालून उचलतात आणि लगेच पारदर्शक कुपीत बंद करतात. परिणाम असा, की नाण्याची सपाट जमीन आरशासारखी काळीभोर चमकते आणि तिच्यावरचं चित्र पहाटेच्या दवासारखं पांढुरकं दिसतं. कड चौकोनी, बोटाला धार लागावी अशी. आरसा आणि दव, हे दोन शब्द मी नवशिक्यांना सांगतो. छापील कागदाचा तुकडा नाण्यासमोर उभा धरा. त्यातली अक्षरं नाण्यात उलटी पण स्वच्छ वाचता आली तर आरसा खरा. अक्षरं धूसर होऊन विरघळली तर समोर प्रूफ नाही, डबीवर काहीही लिहिलेलं असो.

डबीवरचं लिहिलेलं मी एकदा मानलं, आणि त्याची किंमत मोजली. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीनिमित्त आपल्या टाकसाळींनी नाणी काढली : दहा रुपये, एक रुपया, पन्नास पैसे आणि वीस पैसे. दहा रुपयांचं नाणं १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं, ३४ मिलिमीटर व्यासाचं. त्यावर पाडल्याचं साल नाही. फक्त बापूंच्या आयुष्याची दोन टोकं, १८६९ आणि १९४८. मला या नाण्याचं प्रूफ हवं होतं. एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याकडे ते मिळालं. कुपीत बसवलेलं, मखमली डबीत, झगझगीत. घरी आणून खिडकीत धरलं. चमक भरपूर होती, पण सगळीकडे सारखीच : जमिनीवर आणि गालावरही. दव कुठेच नव्हतं. भिंग लावलं तेव्हा एकाच दिशेने गेलेल्या शेकडो केसासारख्या रेषा दिसल्या आणि अक्षरांचे कोपरे मेणासारखे ओघळलेले. कोणीतरी साधं नाणं चाकावर घासून चमकवलं होतं. खाली टाकसाळीची खूण पाहिली. मुंबईच्या प्रूफवर त्या काळी ‘बी’ हे अक्षर असे. इथे ते नव्हतं. त्या जागी मुंबईच्या चलनी नाण्यावर असतो तो बारीक शंकरपाळीचा ठिपका होता. म्हणजे नुसती खूण पाहिली असती तरी दुकानातच कळलं असतं. चांदी पूर्ण १५ ग्रॅमची होती, त्यात खोट नव्हती. सराफाने ते नाणं खरंच ठरवलं असतं. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र ते संपलेलं होतं, कारण घासणाऱ्याने त्याचा वरचा थर नेला होता, आणि सगळं काही त्या थरातच असतं.

टाकसाळीच्या खुणांवर या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे, त्यामुळे इथे थोडक्यात सांगतो. आपल्याकडे चार टाकसाळी : मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. सालाच्या खाली किंवा आसपास मुंबईची शंकरपाळी, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका. कोलकात्याची खूण म्हणजे कोणतीच खूण नसणं. मुंबईच्या प्रूफवर आधी ‘बी’ असे. शहराचं नाव बदलल्यावर १९९६ पासून ‘एम’ आलं. १९८५ मध्ये चिल्लरची टंचाई होती म्हणून रुपये परदेशातही पाडून घेतले. त्यातल्या बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीच्या रुपयावर ‘एच’ आहे. हा रुपया माझ्या हातातून कॅशमध्ये किती वेळा गेला असेल, कोणास ठाऊक. तेव्हा मला खुणा वाचता येत नव्हत्या.

शब्दांचा घोळ हा या छंदातला मोठा अडथळा. आपल्या बाजारात टाकसाळीतून आलेल्या कशालाही ‘मिंट सेट’ म्हणतात. अमेरिकेत त्याच शब्दाला नेमका अर्थ आहे : चलनी पद्धतीने पाडलेल्या, न वापरलेल्या नाण्यांचा वर्षाचा संच. तिथल्या टाकसाळीने तो १९४७ सालच्या नाण्यांपासून विकायला सुरुवात केली. प्रूफ संच त्याआधी १९३६ पासून सामान्य ग्राहकाला मिळत होते. ही दोन वेगळी उत्पादनं आहेत आणि तिथे कोणी त्यांची गल्लत करत नाही. ब्रिटनमध्ये आणखी एक जुनी तऱ्हा दिसते. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी राजा वृद्धांना चांदीची एक, दोन, तीन आणि चार पेन्सची नाणी दान देतो. या चार नाण्यांचा संच प्रथेने बांधलेला. विक्रीसाठी तो जन्मलाच नाही. आपल्याकडे इंटरनेटवरून संच मागवणाऱ्याने हे लक्षात ठेवावं, की परदेशी पाकिटावरच्या शब्दाचा अर्थ त्या देशाच्या टाकसाळीने ठरवलेला असतो, आपल्या दुकानदाराने नव्हे.

स्वतंत्र भारताच्या संचांची गोष्ट १९५० पासून सुरू होते. त्या वर्षी १५ ऑगस्टला प्रजासत्ताकाची पहिली नाणी आली : पैसा, अर्धा आणा, आणा, दोन आणे, पावली, अधेली आणि रुपया. या सात नाण्यांचा प्रूफ संच मुंबईत पाडला गेला. राजाचा चेहरा जाऊन अशोकस्तंभ आला तो क्षण या सात नाण्यांत पकडलेला आहे. माझ्या मते भारतीय संग्राहकाने आयुष्यात एकदा तरी हा संच डोळ्यांनी पाहावा, घेणं परवडो न परवडो. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि आणे गेले. रुपयाचे शंभर ‘नवे पैसे’ झाले. १९६४ मध्ये ‘नवे’ हा शब्दही गळला. आमच्या घरी आई मात्र पुढे कितीतरी वर्षं पंचवीस पैशांना चार आणेच म्हणत राहिली.

त्याच १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ रुपया आणि पन्नास पैसे निघाले, आणि स्मारक नाण्यांची आपली आधुनिक परंपरा सुरू झाली. १९६९ नंतर ती फोफावली. अन्नधान्याचं उत्पादन, कुटुंब नियोजन, १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धा. प्रत्येक विषयावर नाणी आली. मराठी माणसाला जवळची वाटणारीही अनेक आहेत. १९९० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपया, १९९९ मध्ये संत ज्ञानेश्वरांचा रुपया आणि छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं, २००७ मध्ये लोकमान्य टिळकांचं पाच रुपयांचं. यातली चलनी नाणी आपल्या खिशातून गेलेली आहेत, दूधवाल्याच्या किटलीशेजारी पडलेली आहेत. त्यांच्यासोबत निघणारी मोठ्या किमतीची भावंडं मात्र कधीच बाजारात येत नाहीत. २०१५ मध्ये बाबासाहेबांच्या सव्वाशेव्या जयंतीनिमित्त ६ डिसेंबरला दोन नाणी प्रसिद्ध झाली : दहा रुपये आणि सव्वाशे रुपये. दहाचं नाणं भाजीबाजारात भेटू शकतं. सव्वाशेचं केवळ संग्राहकांसाठी. २०१० चं बृहदीश्वर मंदिराचं हजार रुपयांचं नाणं, २०२३ चं नव्या संसद भवनाचं पंचाहत्तर रुपयांचं नाणं, हीही त्याच जातीची. पंचाहत्तरचं नाणं ४४ मिलिमीटरचं, ३५ ग्रॅमचं. त्यात निम्मी चांदी, ४० टक्के तांबं आणि ५-५ टक्के निकेल व जस्त. कायद्याने ते नाणं आहे, त्यावर दर्शनी मूल्य छापलेलं आहे. पण टाकसाळ ते दर्शनी मूल्याला विकत नाही, आणि पंचाहत्तर रुपयांचा किराणा आणायला ते कोणी काढत नाही.

अशा वेळी एकाच प्रसंगाचे दोन-तीन संच निघतात आणि नवशिक्या गोंधळतो. दोन्ही नाण्यांचा प्रूफ संच, दोन्ही नाण्यांचा यूएनसी संच, शिवाय सुटं नाणं. चित्र एकच, साल एकच, वजन एकच. किंमत मात्र वेगळी, आणि वीस वर्षांनी तर खूपच वेगळी. फरक काय, असं मला मेहरूणमधले शेजारी विचारतात तेव्हा मी दोन्ही डब्या उघडून त्यांना खिडकीशी नेतो. बोलून समजत नाही ते सकाळच्या तिरप्या उन्हात अर्ध्या मिनिटात समजतं. एकात चाक फिरतं, दुसऱ्यात आपलाच डोळा दिसतो.

प्रसंगासाठी नाणं पाडायची ही कल्पना खानदेशाला नवी नाही. सातपुड्याच्या कुशीतला असीरगड आज मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूर जिल्ह्यात आहे. आमच्या रावेरहून तो फार लांब नाही. फारुकी सुलतानांचा हा अजिंक्य मानलेला किल्ला १६०१ च्या जानेवारीत अकबराच्या हाती आला आणि खानदेशाचं राज्य संपलं. या विजयाची सोन्याची मोहोर असीर इथे पाडली गेली. तिच्यावर ससाणा आहे. मुघलांच्या नाण्यांवर बहुधा अक्षरंच असत, त्यामुळे पंख मिटून बसलेला हा पक्षी पाहणाऱ्याला थबकवतो. ही मोहोर बाजारहाटासाठी नव्हती. जिंकल्याची आठवण आणि दरबारी मान, यासाठी ती होती. तिचा एक नमुना लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आपल्या मुलुखाच्या पराभवाची ती आठवण आहे, हे खरं. तरी सव्वाचारशे वर्षांपूर्वी इथे कोणीतरी ठसा कोरताना पक्ष्याच्या एकेका पिसावर मेहनत घेतली, याचं मला फार अप्रूप वाटतं. खानदेशातल्या जुन्या नाण्यांचा विषय इथे संपत नाही. चांदवडच्या होळकरी टाकसाळीचा रुपया इकडे चालायचा, शिवराई तर घरोघर होती. पण तो वेगळ्या पुस्तकाचा ऐवज आहे. ज्याला त्यात शिरायचं आहे त्याने नाशिकजवळच्या अंजनेरीला जावं. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी १९८० मध्ये तिथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था उभी केली. ग्रंथालय आणि शांतता, अभ्यासाला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी तिथे आहेत.

टाकसाळीच्या संचांनंतर दुकानदारांचे संच येतात. त्यांच्याबद्दल मी स्पष्ट लिहिलं आहे. ‘आणा ते रुपया, संपूर्ण भारत’ अशा सोनेरी अक्षरांच्या चौकटी जत्रेत, प्रदर्शनांत, दुकानांत मिळतात. मुलाला इतिहास दाखवायला, भिंतीवर टांगायला त्या चांगल्या. पण त्यांतली नाणी बहुतेक वेळा वापरलेली असतात, आम्लात धुतलेली असतात, कधी डिंकाने चिकटवलेली. टाकसाळीने असा संच कधी बनवलेला नसतो. चौकट काढली की उरतात ती सुटी नाणी, आणि त्यांची जी किंमत असेल तीच त्या संचाची. आणखी एक प्रकार याहून वाईट. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखो रुपयांना जातं, असे निरोप मोबाइलवर फिरतात. ते नाणं २०१२ चं, चलनातलं, भरपूर पाडलेलं. माझ्या कॅश काउंटरवर ते रोज यायचं. जुनी नाणी विकून देतो म्हणून आधी कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं, कारण हे लोक बँकेचंच नाव वापरत होते. आमच्या भागात एका निवृत्त माणसाने अशा फोनवर स्वतःच्या पेन्शनचे पैसे घालवले. त्याच्या घरी जाऊन आल्यावर मी या पुस्तकातलं सावधगिरीचं प्रकरण दुप्पट मोठं केलं.

दहा रुपयांच्या नाण्याचा अनुभव मात्र वेगळा, आणि तो प्रत्येकाला आलेला आहे. रिक्षावाला दहाचं नाणं परत देतो : ‘हे नाही चालत.’ कारण काल त्याने पाहिलेल्या नाण्यावर वेगळं चित्र होतं. खरं तर दहाच्या नाण्याची चित्रं वेगवेगळी असण्याचं कारण हेच, की त्यातली बरीचशी स्मारक नाणी आहेत. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं, की तोपर्यंत निघालेले चौदाही नमुने चलनात आहेत. रिक्षावाल्याने नाकारलेलं नाणं मी दरवेळी आनंदाने ठेवून घेतो. एका मूल्याचे सगळे नमुने एकत्र करणं यालाच ‘नमुना संच’ म्हणतात, आणि माझा दहाचा नमुना संच निम्मा या नकारांतूनच भरला.

धनत्रयोदशीला आपण लक्ष्मी-गणपतीचं चांदीचं नाणं घेतो, त्याबद्दलही इथेच सांगून टाकतो. त्यावर दर्शनी मूल्य नाही, ते सरकारने चलन म्हणून काढलेलं नाही. नाणकशास्त्रानुसार ते पदक ठरतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेलं, एका बाजूला अशोकचक्र आणि दुसऱ्या बाजूला गांधीजी असलेलं सोन्याचं नाणंही गुंतवणुकीचं सोनं आहे, चलन नाही. देव्हाऱ्यात दोन्हींना मान आहे आणि तो राहावा. आमच्या देव्हाऱ्यात तर १९६९ चे गांधींचे पिवळे वीस पैसेही आहेत. त्यात सोनं आहे असं आईला वाटायचं. ते खरं ॲल्युमिनियम-ब्राँझ आहे. हे कळल्यावरही तिने ते देव्हाऱ्यातून हलवलं नाही, आणि मीही हलवलेलं नाही.

संच कसा जपावा, यावर जळगावकराने लिहायलाच हवं, कारण दोन गोष्टी इथे विशेष आहेत. एक, आमचा उन्हाळा. दुसरी, पीव्हीसी. पाइपांच्या रूपात या प्लॅस्टिकने आमच्या गावाला काम दिलं, नाव दिलं. पण मऊ पीव्हीसीच्या पाकिटात नाणं ठेवू नये. पाकीट मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते उष्णतेत हळूहळू पाझरतं आणि नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. पत्र्याच्या कपाटात, मे महिन्यात, हे एकाच हंगामात होताना मी पाहिलं आहे. स्टेशनरीच्या दुकानातले स्वस्त अल्बम बहुधा याच प्लॅस्टिकचे. वास घेऊन पाहा; उग्र वास आला तर घेऊ नका. टाकसाळीची कुपी असेल तर नाणं तिच्यातून काढूच नये. रबर बँड चांदीजवळ नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. आणि चिंच, राख, दंतमंजन, पितळ घासायची पावडर यांतलं काहीही नाण्याला लावू नये. दिवाळीच्या साफसफाईत घरातल्या माणसांनी प्रेमाने घासून टाकलेले संच माझ्याकडे दरवर्षी येतात. ‘किती चमकतंय बघा’ असं म्हणून ते माझ्यापुढे ठेवतात, आणि मला त्यांना खरं सांगावं लागतं.

राहिला तो संच, जो टाकसाळ देत नाही आणि दुकानदारही देऊ शकत नाही. एका सालाची, एका मूल्याची, चारही टाकसाळींची नाणी चलनातून वेचून जमवणं. याला खर्च फक्त दर्शनी मूल्याचा. यात आरसा नाही, दव नाही, चाकही फार काळ फिरत नाही. पण टाकसाळीचा संच पैसे भरून घरी येतो. हा संच माणसाला बाजारात, एसटीत, मंदिराबाहेर उभा करतो आणि बघायला शिकवतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिली दोन वर्षं हाच संच करावा, असं माझं ठाम मत आहे. डोळा तयार झाला की मग प्रूफ घ्या. उलट क्रमाने गेलेल्यांची फसगत मी जास्त पाहिली आहे, आणि त्यात मी स्वतः आहे.

माझी नात २०११ ची. रुपयाचं नवं चिन्ह नाण्यांवर आलं ते त्याच वर्षी, म्हणून तिच्या सालाचे दोन रुपये जमवायचे असं आम्ही ठरवलं. शंकरपाळी लगेच मिळाली, तारा तिच्या शाळेच्या कँटीनमध्ये, ठिपका धुळ्याच्या बसमध्ये कंडक्टरच्या मोडीत. कोलकात्याचा उरला, आणि तो सगळ्यांत अवघड, कारण तिथे खूण शोधायची नसते. ती नाही याची खात्री करायची असते. मळाने बुजलेली किंवा घासून गेलेली शंकरपाळी कोलकात्याचं सोंग घेऊ शकते. असे दोन रुपये तिने आनंदाने आणले आणि भिंगाखाली आम्ही ते परत चिल्लरमध्ये टाकले.

गेल्या थंडीत आम्ही मेहरूण तलावावर फिरायला गेलो होतो. परतताना बोरांच्या हातगाडीवर थांबलो. मेहरूणची बोरं लांबून लांबून लोक मागवतात. आम्हाला ती दारात मिळतात. गाडीवाल्या बाईंनी उरलेले पैसे नातीच्या हातावर ठेवले. तिने बोरांची पुडी माझ्याकडे दिली, एक नाणं बाजूला घेतलं, कडेने धरलं, बोट पृष्ठभागाला लागू दिलं नाही, आणि मावळतीकडे तिरपं केलं.

“आजोबा, साल अकरा आहे.”

“खाली बघ.”

ती बराच वेळ बघत राहिली. गाडीवाल्या बाईंनाही आता काळजी वाटू लागली होती, की पोरीला नाणं खोटं वाटतंय.

“काहीच नाहीये,” ती म्हणाली. “आणि घासलेलंही नाहीये.”

मेहरूण, जळगाव